४१,००० फुटांवर १६३ नॉट: एका प्रादेशिक जेटच्या चढाईचा प्रकरण अभ्यास

१४ ऑक्टोबर २००४. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक विमानतळावरून रात्री ९ वाजून २१ मिनिटांनी पिनॅकल एअरलाइन्सचं सीआरजे-२०० हे ५० आसनी विमान मिनियापोलिसला निघालं. उड्डाण क्रमांक ३७०१. आत एकही प्रवासी नव्हता, फक्त दोन वैमानिक. त्याच दिवशी आधीच्या वैमानिकांनी एका इशाऱ्यामुळे याच विमानाचं उड्डाण हवेत जाण्याआधीच रद्द केलं होतं. दोष दुरुस्त झाला आणि आता विमान रिकामं हलवायचं होतं. आराखड्यातली उंची होती ३३,००० फूट.

वैमानिकांनी वाटेत ४१,००० फुटांची परवानगी मागितली. ती मिळाली, विमान तिथे पोचलंही. त्यानंतर सुमारे तीन मिनिटांनी ते स्टॉलच्या, म्हणजे वेग घटून पंखाची उचल संपण्याच्या, तोंडाशी आलं, मग उलथलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. रात्री सव्वादहाच्या सुमारास मिझुरी राज्यातल्या जेफरसन सिटीच्या धावपट्टीपासून सुमारे अडीच मैलांवर, घरांच्या रांगेमागे ते कोसळलं. दोघेही वैमानिक गेले. जमिनीवर कोणालाही इजा झाली नाही.

या अपघातावर बोलताना बहुतेक जण वैमानिकांच्या बेशिस्तीवर येऊन थांबतात. ती बेशिस्त खरीच होती, तिच्याबद्दल पुढे येईलच. पण विमानांची तुलना शिकणाऱ्या कोणालाही मी हे प्रकरण आधी एका दुसऱ्याच कारणासाठी वाचायला सांगतो. प्रादेशिक जेटांच्या माहितीपत्रकांत ‘कमाल उंची’ आणि ‘क्रूझ वेग’ (वर पोचल्यावर समतल उडण्याचा वेग) हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. वाचणाऱ्याला वाटतं, विमान त्या उंचीवर त्या वेगाने उडतं. सीआरजे-२०० त्या रात्री छापील उंचीवर गेलं, पण वेग खाली ठेवून गेलं. उंचीचा आकडा वेगाशिवाय वाचला तर काय होतं, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी नोंद मला माहीत नाही.

चढाईची किंमत कोणी दिली

आधी वेगाच्या भाषेबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वैमानिकाला समोर दिसतो तो दर्शक वेग. हवेचा दाब पंखावर किती जोराने आदळतो आहे त्याचं ते माप आहे, आणि पंखाला तेवढंच कळतं. विमान हवेतून प्रत्यक्षात किती अंतर कापतं तो खरा वेग. आणि मॅक म्हणजे त्या जागी ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत आपण कुठे आहोत. ४१,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी असते, म्हणून तिथे खरा वेग मोठा दिसतो आणि दर्शक वेग छोटा. प्रवाशाला खरा वेग हवा असतो, पण विमानाला वर धरून ठेवतो तो दर्शक वेग.

फ्लाइट रेकॉर्डरमधली नोंद अशी. ३७,००० फुटांच्या आसपास शेवटचा टप्पा सुरू झाला तेव्हा दर्शक वेग सुमारे २०३ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) होता, मॅक ०.६३. ऑटोपायलटला मिनिटाला ५०० फूट चढायला सांगितलेलं होतं. विमान ४१,००० फुटांवर पोचलं तेव्हा वेग उरला होता १६३ नॉट, मॅक ०.५७. कंपनीची ठरलेली चढाई होती २५० नॉट, आणि वर गेल्यावर मॅक ०.७०. प्रमाण वातावरणात हे दोन्ही आकडे सुमारे ३२,००० फुटांवर एकमेकांना भेटतात, तिथून वर मॅक सांभाळायचा असतो. म्हणजे शेवटचा टप्पा सुरू होतानाच विमान हवं त्यापेक्षा हळू होतं.

एक छोटं गणित करून पाहू. मॅक ०.६३ म्हणजे त्या उंचीवर साधारण ३६१ नॉट खरा वेग, मॅक ०.५७ म्हणजे ३२७ नॉट. वेगात साठलेली ऊर्जा उंचीच्या भाषेत मांडता येते: वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट. ३६१ नॉटला सुमारे १,७५५ मीटर येतात, ३२७ नॉटला सुमारे १,४४० मीटर. फरक तीनशे मीटरच्या थोडा वर, म्हणजे अंदाजे हजार फूट.

त्या शेवटच्या ४,००० फुटांपैकी सुमारे १,००० फूट इंजिनांनी दिलेच नव्हते. ते वेग विकून घेतलेले होते.

म्हणून ‘विमान ४१,००० फुटांवर चढलं’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. उंचीच्या फलकावर चढाई सुरू होती, पण ऊर्जेच्या हिशेबात विमान एका खिशातलं दुसऱ्या खिशात टाकत होतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. मिनिटाला ५०० फूट म्हणजे मिनिटाला ५०० फूट, मग ते जोरातून आलेले असोत की साठ्यातून.

ऑटोपायलटने नेमकं काय केलं

चढताना ऑटोपायलटला दोन प्रकारे सांगता येतं. एक, ‘हा वेग धर’. मग नाक किती वर ठेवायचं ते वेगावरून ठरतं आणि चढाईचा दर जो मिळेल तो मिळतो. इंजिनं दमली की दर शंभर फुटांवर येतो, शेवटी शून्यावर, पण वेग शाबूत राहतो. दुसरा प्रकार, ‘हा दर धर’. याला व्हर्टिकल स्पीड मोड म्हणतात. इथे दर पक्का आणि वेग वाऱ्यावर. इंजिनांचा जोर कमी पडला की ऑटोपायलट नाक आणखी वर उचलतो, वेग आणखी घटतो, आणि दर मात्र फलकावर ठाम दिसत राहतो. त्या रात्री दुसरा प्रकार लावलेला होता. सीआरजे-२०० मध्ये ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, नाही, शिवाय असतं तरी उपयोग नव्हता, कारण त्या उंचीवर द्यायला आणखी जोरच उरला नव्हता.

यातली सर्वात फसवी बाजू अशी की हळू उडणारं विमान त्याच दरासाठी जास्त मागतं. मिनिटाला ५०० फूट म्हणजे सुमारे ५ नॉट उभा वेग. मॅक ०.७० ला, म्हणजे ४०१ नॉट खऱ्या वेगाला, हा सव्वा टक्क्याचा चढ आहे. ३२७ नॉटला तोच दीड टक्क्याचा होतो. ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, भागवून उरलेला जोर वजनाच्या इतके टक्के असावा लागतो. विमान १७ टनांचं धरलं, तर एका ठिकाणी साधारण २१० किलो जादा जोर पुरतो, दुसऱ्या ठिकाणी साधारण २५५ लागतो. आणि नेमकं त्याच वेळी, किमान ड्रॅगच्या वेगाखाली गेल्यावर, वेग जितका घटेल तितका ड्रॅग वाढतो. गरज वाढते आणि शिल्लक घटते. रस्त्यावरच्या गाडीत चढावर वेग कमी झाला तर गियर बदलून सावरता येतं. इथे सावरायचा एकच मार्ग असतो: नाक खाली करून उंची परत द्यायची.

कागदावर सगळी सारखीच

आता तुलनेकडे. सीआरजे-२०० ची प्रमाणित कमाल उंची ४१,००० फूट. त्याचा मोठा भाऊ सीआरजे-७०० ची ४१,००० फूट. एम्ब्रेअरचं ई-१७० आणि ई-१९० यांचीही ४१,००० फूट. एम्ब्रेअरच्या ५० आसनी ईआरजे-१४५ ची मात्र ३७,०००. फक्त हा रकाना पाहिला तर सीआरजे-२०० थोरल्या विमानांच्या पंक्तीत बसतं आणि ईआरजे-१४५ मागे पडतं.

पण प्रमाणित कमाल उंची हा चढाईचा आकडाच नव्हे. केबिनमधला दाब किती टिकतो, दाब गेला तर किती वेळात खाली येता येतं, ऑक्सिजन किती पुरतो, इंजिनं कुठपर्यंत तपासली आहेत, अशा गोष्टींनी आखलेलं ते कुंपण आहे. ‘याच्या पुढे जाऊ नकोस’ एवढंच ते सांगतं. ‘आजच्या वजनाला, आजच्या तापमानाला, नीट वेग राखून तू इथवर पोचशील’ असं वचन त्यात नसतं. ते वचन असतं चढाईच्या तक्त्यात, आणि तो तक्ता दर उड्डाणाला वेगळं उत्तर देतो. प्रमाण तापमानापेक्षा हवा दहा अंश गरम असली तरी गाठता येणारी उंची ठळकपणे खाली येते.

ईआरजे-१४५ चं कुंपण चार हजार फूट खाली आहे. माहितीपत्रकात हा उणेपणा दिसतो. रोजच्या कामात मात्र भरलेलं सीआरजे-२०० ही त्या वरच्या चार हजार फुटांचा फारसा वापर करत नाही. अमेरिकेत वैमानिकांच्या बोलण्यात सीआरजे ही अक्षरं ‘क्लाइम्ब रिस्ट्रिक्टेड जेट’ अशी उलगडली जातात. हे नाव कारखान्याने दिलेलं नाही, उन्हाळ्याच्या दुपारी तीस हजार फुटांच्या पुढची उंची गाठताना कंटाळलेल्या माणसांनी दिलं आहे.

या अडचणीचं मूळ विमानाच्या जन्मातच आहे. सीआरजे हे चॅलेंजर या बिझनेस जेटवरून आलं. चॅलेंजरची लांबी २०.८५ मीटर, सीआरजे-२०० ची २६.७७. धड सुमारे सहा मीटरने वाढलं आणि कमाल वजन ५३,००० पौंडांपर्यंत, म्हणजे २४ टनांवर गेलं. पंखाचं टोक थोडं लांबलं, पण पंख मुळात त्याच घराण्यातला राहिला. इंजिन सीएफ३४-३बी१, राखीव जोर धरून ९,२२० पौंडांचं, म्हणजे मागच्या काळातल्या चॅलेंजरच्या इंजिनाइतकंच. ओझं वाढलं, ओढणारे तेच. शिवाय या इंजिनाचं बायपास प्रमाण, म्हणजे मधल्या गाभ्याबाहेरून जाणाऱ्या हवेचं गाभ्यातून जाणाऱ्या हवेशी प्रमाण, सहाच्या थोडं वर आहे. असं इंजिन कमी इंधनात काम भागवतं, पण उंची आणि वेग वाढला की त्याचा जोरही वेगाने गळतो. धावपट्टीवर ते तगडं वाटतं, वर गेल्यावर दमतं.

सीआरजे-७०० शी तुलना केली की इथला सापळा दिसतो. त्याची इंजिनं राखीव जोर धरून १३,७९० पौंडांची, कमाल वजन ७५,००० पौंड. जमिनीवरचं जोर-वजन प्रमाण निघतं ०.३७. सीआरजे-२०० चं निघतं ०.३५. केवळ या आकड्यांवर दोघांच्या चढाईत उन्नीस-बीसचा फरक असावा असं कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात ७०० चा पंख नवा आणि मोठा आहे, इंजिन नव्या पिढीचं आहे, आणि दोघांमधला खरा फरक तीस हजार फुटांच्या वर उघडा पडतो. समुद्रसपाटीवरच्या जोराचा आकडा चढाईच्या तुलनेला वापरू नये असं मी आग्रहाने सांगतो, त्याचं कारण हेच. तो आकडा उड्डाणाच्या पहिल्या काही मिनिटांचा आहे.

क्रूझ वेगाने काय मिळालं असतं

समजा कोणी म्हणेल, वर गेल्यावर विमान वेगाने जातं, म्हणून वर जाण्यात शहाणपण होतंच. हेही तपासून बघायला हवं.

सीआरजे-२०० चा नेहमीचा क्रूझ मॅक ०.७४ आहे, नेटाने नेलं तर ०.८१. सीआरजे-७०० साधारण ०.७८ ने जातं. ईआरजे-१४५ ची तर कमाल मर्यादाच ०.७८ आहे, ई-१७० आणि ई-१९० ची ०.८२. आता ०.७४ आणि ०.७८ मध्ये किती अंतर पडतं? ३७,००० फुटांवर एक ४२४ नॉट, दुसरं ४४७. लिटल रॉक ते मिनियापोलिस सरळ रेषेत सुमारे ६०० सागरी मैल. चढाई आणि उतराई वजा करून ४०० मैल क्रूझचे धरले, तर पहिल्याला लागतात ५७ मिनिटं, दुसऱ्याला ५४. तीन मिनिटं! एवढा वेळ दाराशी जिना लागायला जातो. प्रादेशिक अंतरांवर क्रूझ वेगाचा आकडा माहितीपत्रकात जितका मोठा छापतात तितका तो कामाचा नसतो. तीनशे-चारशे मैलांच्या फेरीत चढाई हाच उड्डाणाचा मोठा भाग असतो. जे विमान २५ मिनिटांत वर पोचतं आणि जे १८ मिनिटांत, त्यांच्यातला फरक इंधनाच्या हिशेबात पडतो. वाहतूक नियंत्रकाला हळू चढणाऱ्याला मध्येच एका उंचीवर अडकवून ठेवावं लागतं, तो तोटा वेगळाच.

आणि वर जाणं म्हणजे वेगाने जाणं हे समीकरण तर छत्तीस हजार फुटांच्या पुढे मोडतंच. तिथून वर तापमान स्थिर राहतं, म्हणून ध्वनीचा वेगही स्थिर. ३३,००० फुटांवर मॅक ०.७४ म्हणजे सुमारे ४३० नॉट खरा वेग. ४१,००० फुटांवर त्याच मॅकला ४२४. वर जाऊन वेग किंचित कमीच होतो, फायदा असतो तो इंधनाचा. उड्डाण ३७०१ ने तर मॅकही गमावला होता. ठरलेल्या उंचीवर राहिलं असतं तर ४३० नॉटने चाललं असतं, ते ४१,००० फुटांवर ३२७ नॉटने चाललं होतं. शंभर नॉट हळू. तसंच पुढे नेता आलं असतं तर त्या ४०० मैलांना ५६ ऐवजी ७३ मिनिटं लागली असती.

पंखाच्या दृष्टीने फरक याहून मोठा. ३३,००० फुटांवर मॅक ०.७४ ला दर्शक वेग सुमारे २६० नॉट. इथे १६३. स्टॉलचा इशारा त्या रात्री १५० नॉटच्या आसपास आला. एका ठिकाणी मध्ये शंभर नॉटचं अंगण, दुसऱ्या ठिकाणी तेरा नॉटचा उंबरठा.

तीन मिनिटं

वर पोचल्यावर वेग सावरलाच नाही. विमान समतल होतं, इंजिनं देता येईल तेवढं देत होती, तरीही १६३ चे १५० झाले. ड्रॅग जोरापेक्षा जास्त असेल तर समतल उड्डाणातही वेग घटतच राहतो. या वेळी खाली यायला कोणतीही आडकाठी नव्हती. नियंत्रकाला विचारून चार हजार फूट उतरलं असतं तर हे प्रकरण कुठेही नोंदलं गेलं नसतं. कॉकपिटमधल्या संभाषणावरून दिसतं की विमान टिकत नाही हे त्यांना उमगू लागलं होतं आणि खाली जावं लागेल असं बोलणंही झालं होतं. पण ते उशिरा झालं.

स्टॉलचा इशारा म्हणून दांडा हलवणारा स्टिक शेकर वाजला. नाक आपोआप खाली दाबणारा स्टिक पुशर चालला. वैमानिकांनी दांडा मागे ओढला. शेकर, पुशर, पुन्हा ओढ, असं अनेकदा झालं आणि दर वेळी नाक आधीपेक्षा जास्त वर गेलं. शेवटी विमान जवळजवळ तीस अंश नाक वर करून स्टॉल झालं आणि डावीकडे ऐंशी अंशांहून जास्त कललं. सीआरजेची इंजिनं शेपटीजवळ, पंखाच्या मागे असतात. पंखावरून फाटलेली हवा थेट त्यांच्या तोंडात गेली आणि दोन्ही विझली.

दांडा मागे का ओढला? याचं उत्तर प्रशिक्षणात आहे. स्टॉलचा सराव त्या काळी कमी उंचीवर करून घेत. तिथे इंजिनात जोर शिल्लक असतो. शेकर वाजला की जोर पूर्ण द्यायचा आणि उंची शक्यतो गमवायची नाही, ही सवय अंगात मुरते. ४१,००० फुटांवर जोर आधीच संपलेला असतो, उंची दिल्याशिवाय वेग परत येत नाही. खालची सवय वर नेमकी उलटी पडते.

खाली येतानाही तोच हिशेब

विमान सावरलं गेलं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हजारो फूट खाली ते पुन्हा सरळ उडू लागलं होतं. इंजिनं नव्हती, पण उंची भरपूर होती आणि घरंगळत पोचता येतील असे अनेक विमानतळ आवाक्यात होते. या प्रकरणाचा हा भाग मला सर्वांत जड जातो.

बंद इंजिनाचा गाभा समोरच्या हवेने फिरत राहावा म्हणून तपासणी यादीत २४० नॉटचं लक्ष्य होतं. त्या फिरण्यातूनच पुन्हा पेटवायचं तर किमान ३०० नॉट लागतात. नाक निश्चयाने खाली दाबून उंची विकावी लागते, तेव्हा कुठे हा वेग मिळतो. वैमानिकांनी सुरुवात केली, पण वेग २३६ नॉटच्या पुढे गेला नाही आणि मग पुन्हा उतरला. वर जाताना वेग देऊन उंची घेतली, आता उंची देऊन वेग घ्यायचा होता. सौदा उलटा, चलन तेच.

वेग अपुरा राहिला आणि दोन्ही इंजिनांचे गाभे फिरायचे थांबले. भरपूर जोरावर चालणारं गरम इंजिन अचानक विझलं आणि त्यातून गोठवणारी हवा वाहू लागली की त्याचे स्थिर आणि फिरते भाग वेगवेगळ्या गतीने आक्रसतात. टर्बाइनमधल्या सीलजवळची फट बुजते. गाभा फिरत असेल तर थोडं घासून निभावतं. एकदा थांबला की तो तिथेच अडकतो. याला कोअर लॉक म्हणतात. त्यानंतर १३,००० फुटांखाली येऊन शेपटीतल्या सहायक इंजिनाच्या हवेने पेटवायचे प्रयत्न झाले, पुन्हा पुन्हा झाले. गाभा हललाच नाही.

या सगळ्या काळात नियंत्रकाला सांगितलं होतं ते एकच इंजिन गेल्याचं. दोन्ही गेली आहेत हे कळवायला सुमारे १४ मिनिटं लागली. तोपर्यंत उंची संपत आली होती आणि आवाक्यातले विमानतळ एकेक करून बाहेर गेले होते. जेफरसन सिटीचे दिवे दिसत होते, पण तिथवर पोचण्याइतकी उंची उरली नव्हती.

दोष कुठे ठेवला गेला

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल जानेवारी २००७ मध्ये आला. मुख्य कारणं तीन: एक, वैमानिकांचं व्यवसायाला न शोभणारं वागणं आणि ठरलेल्या पद्धती सोडणं, ज्यातून उद्भवलेली आणीबाणी त्यांना काही अंशी अपुऱ्या प्रशिक्षणामुळे सावरता आली नाही; दोन, आपत्कालीन उतरण्याची वेळेवर तयारी न करणं, त्यात नियंत्रकाला दोन्ही इंजिनांबद्दल न सांगणंही आलं; आणि तीन, दोन्ही इंजिनं बंद पडल्यावरची तपासणी यादी नीट न हाताळणं, त्यामुळे गाभे थांबणं. हातभार लावणाऱ्या गोष्टींत कोअर लॉक होता, ज्याने किमान एक इंजिन पुन्हा सुरू होऊ दिलं नाही. दुसऱ्या इंजिनाची टर्बाइन उलथापालथीच्या वेळीच अति उष्णतेने बिघडली होती.

बेशिस्तीबद्दल दुमत नाही. उड्डाणाच्या सुरुवातीलाच नाक झटक्याने उचलण्याचे खेळ झाले होते, आणि ४१,००० ला जाण्यामागे ‘जरा मजा’ हेच कारण त्यांनी नियंत्रकाला सांगितलं होतं. कंपनीतल्या काही वैमानिकांमध्ये ‘फोर-टेन क्लब’ असं एक अनौपचारिक नाव चालायचं. ज्याने सीआरजे ४१० लेव्हलला, म्हणजे ४१,००० फुटांवर, नेलं तो क्लबात.

मला खटकतं ते या क्लबाचं नाव. त्यात उंची आहे, वेग नाही. ‘फोर-टेन, मॅक ०.७०’ असा क्लब असता तर त्या रात्री ३७,००० फुटांवर, २०३ नॉट दिसले तेव्हाच, प्रवेश नाकारला गेला असता. उंची ही एकट्याने मिरवायची गोष्ट आहे ही समजूत त्या दोघांनी शोधून काढलेली नव्हती. माहितीपत्रकंही उंची एकटीच छापतात.

दोन प्रादेशिक जेटांची चढाई मी कोणासमोर मांडतो तेव्हा आता एकच पद्धत धरतो. आधी वजन ठरवायचं आणि ते कमाल वजन नसतं, त्या मार्गावर खरोखर असणारं वजन असतं. मग तापमान: प्रमाण, आणि प्रमाणापेक्षा दहा अंश जास्त. मग चढाईचा वेग त्या विमानाच्या पुस्तिकेतला, आणि तो कुठेही सोडायचा नाही. एवढं बांधून मग विचारायचं की मिनिटाला ३०० फुटांचा दर कोणत्या उंचीवर येऊन संपतो. ती उंची त्या दिवसाची खरी कमाल. तिथे पोचायला लागलेली मिनिटं आणि इंधन शेजारी लिहायचं, आणि त्या उंचीवर क्रूझला स्टॉलच्या इशाऱ्यापासून किती नॉट अंतर उरतं तेही. असं मांडलं की ४१,००० च्या एका रकान्यात बसलेली चार विमानं वेगवेगळ्या ओळींवर जाऊन बसतात, आणि ३७,००० वालं ईआरजे-१४५ सीआरजे-२०० च्या बरंच जवळ येतं.

अहवालातली हातभार लावणारी आणखी एक गोष्ट अजून सांगायची राहिली, आणि ती वैमानिकांबद्दल नाही. इंजिनाचा गाभा फिरता ठेवण्यासाठी किमान वेग राखणं किती महत्त्वाचं आहे, हे विमानाच्या पुस्तिकांनी वैमानिकांपर्यंत पोचवलं नव्हतं, असं मंडळाने नोंदवलं. २४० हा आकडा यादीत छापलेला होता. तो गाठला नाही तर गाभा थांबेल आणि थांबला तर पुन्हा फिरणार नाही, हे त्याच्या शेजारी लिहिलेलं नव्हतं.